अँकाची चाळीस वर्षे

1982 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचं एक छोटं टिपण छापून आलं. मूत्रपिंडाचा तीव्र दाह झालेल्या आठ रुग्णांच्या रक्तात त्यांना एक विचित्र प्रतिपिंड सापडलं होतं. ते चिकटत होतं रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना, न्यूट्रोफिलना. डॉक्टरांचा संशय गेला डासांमार्फत पसरणाऱ्या रॉस रिव्हर विषाणूवर. तो माग पुढे गेला नाही आणि टिपणही मागे पडलं.

तीनच वर्षांनी नेदरलँड्सचे फोको व्हान डर वूडे आणि त्यांच्या डच-डॅनिश सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की तेव्हा वेगेनरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात हीच प्रतिपिंडं असतात. नाक, फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं यांतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजवणारा हा आजार. 1958 च्या एका आढाव्यानुसार त्यातले 82 टक्के रुग्ण वर्षभरात दगावत. सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइडने चित्र पालटलं होतं, पण आजार वेळेत ओळखायचा कसा? आता निदान एक रक्ततपासणी हाती आली. अँका हे तिचं नाव रूढ झालं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या रोनाल्ड फॉक आणि चार्ल्स जेनेट यांनी प्रतिपिंडांचं एक लक्ष्य शोधलं, मायलोपेरॉक्सिडेज. दुसरं, प्रोटिनेज-3, त्याच सुमारास उलगडलं.

खरा पेच पुढेच होता. ही प्रतिपिंडं आजाराची खूण, की आजाराचं कारण? बायॉप्सीत मूत्रपिंडाची चाळणी उद्ध्वस्त दिसे, पण तिथे प्रतिपिंडांचा थर जवळजवळ नसेच. गुन्ह्याच्या जागी संशयिताचा ठसाच नाही, अशी ही अवस्था. 1990 मध्ये फॉक यांच्या गटाने परीक्षानळीत दाखवलं, की प्रतिपिंडं रक्तवाहिनीवर हल्ला करतच नाहीत; ती न्यूट्रोफिलला भडकवतात. एखाद्या संसर्गाने आधीच सावध झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर मायलोपेरॉक्सिडेज आणि प्रोटिनेज-3 ही प्रथिनं येतात, प्रतिपिंड त्यांना धरतं, आणि पेशी आपला दारूगोळा रक्तवाहिनीच्या भिंतीवरच रिकामा करते.

माझ्या मते या चाळीस वर्षांतला सर्वांत देखणा प्रयोग 2002 चा. मायलोपेरॉक्सिडेज जन्मतःच नसलेल्या उंदरांना चॅपल हिलच्या संशोधकांनी उंदराचंच मायलोपेरॉक्सिडेज टोचलं. त्यांनी ते परकं मानून प्रतिपिंडं बनवली. ती काढून दुसऱ्या उंदरांना दिली, आणि काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं माणसातल्या आजारासारखीच बिघडली. पाठोपाठ 2004 मध्ये आईची प्रतिपिंडं नाळेतून मिळालेल्या एका नवजात बाळाच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाल्याची नोंद आली. प्रश्न सुटला असं वाटावं, तोच 2009 मध्ये तशीच प्रतिपिंडं मिळूनही ठणठणीत राहिलेल्या बाळाची नोंद झाली. प्रतिपिंड हवंच, पण एकटं पुरत नाही.

उपचारांनीही हेच सांगितलं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यावर घाव घालणारं रिटुक्सिमॅब 2010 मध्ये सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीस तोड ठरलं. पण प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडं गाळून टाकण्याचा उपाय 2020 च्या 704 रुग्णांच्या चाचणीत मृत्यू किंवा मूत्रपिंड निकामी होणं कमी करू शकला नाही. चॅपल हिलच्याच उंदरांनी दाखवून दिलेला धागा मात्र फळला: पूरक प्रथिनांपैकी सी5ए न्यूट्रोफिलना आणखी चेतवतं. त्याची वाट अडवणाऱ्या अवाकोपॅनला 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामुळे स्टेरॉइड कमी लागतं; स्टेरॉइडने चेहरा सुजलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट आहे.

आपल्याकडे खोकल्यातून रक्त आणि छातीच्या एक्स-रेत डाग दिसले, की आधी क्षयाची औषधं सुरू होतात. ते स्वाभाविकही आहे. पण आजार औषधांना दाद देत नसेल आणि लघवीतही रक्त असेल, तर अँका तपासायलाच हवी. आणि ती निगेटिव्ह आली म्हणून थांबू नये. 2013 मध्ये असं दिसलं, की काही 'निगेटिव्ह' रुग्णांत मायलोपेरॉक्सिडेजविरुद्धची प्रतिपिंडं असतातच. रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचा एक तुकडा त्यांना झाकून ठेवतो, आणि नेहमीच्या चाचणीला ती दिसत नाहीत.