धुक्यामागची काजळी

संपादकांनी मागितला होता जपानी निसर्गचित्रांचा इतिहास. तो थोडक्यात असा. हेइआन काळात डोंगर, नद्या आणि ऋतू भरघोस रंगांत रंगत, ती यामातो-ए शैली. पुढे झेन भिक्षूंनी चीनची काळ्या शाईची चित्रशैली आपलीशी केली. त्यांच्यातला सेश्शू 1467 मध्ये मिंग चीनला गेला, 1469 मध्ये परतला. 1486 मध्ये त्याने चारी ऋतूंची सुमारे सोळा मीटर लांबीची गुंडाळी रंगवली आणि 1495 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत डोंगर, घर आणि होडी उभी केली. कानो घराण्याने निसर्गाला सोन्याचा वर्ख चढवला. अठराव्या शतकात मारुयामा ओक्योने प्रत्यक्ष पाहून रेखाटण्यावर भर दिला. 1923 मध्ये योकोयामा ताइकानने पाण्याचा धुक्यापासून समुद्रापर्यंतचा प्रवास चाळीस मीटर रेशमावर शाईनेच मांडला.

या सगळ्यात माझं मन अडकलं ते हासेगावा तोहाकूच्या पाइनवृक्षांत. सहा-सहा घड्यांचे दोन पडदे, सोळाव्या शतकाच्या अखेरचे. जवळची झाडं गडद आणि खरखरीत, मागची विरत जाणारी. मधलं धुकं तर रंगवलेलंच नाही. तिथे कोरा कागद आहे. एकाच काळ्यातून इतकं अंतर, इतका ओलावा कसा निघतो? उत्तर शोधायचं तर चित्रकाराच्याही मागे, शाई करणाऱ्यापर्यंत जावं लागतं.

ती वाट नारा शहरात पोचते. तिथला कोबाइएन हा कारखाना 1577 पासून शाईच्या कांड्या करतो. अंधाऱ्या खोलीत मातीच्या पणत्यांत तेल जळतं आणि वरच्या झाकणावर काजळी धरते. कारागीर ठरावीक वेळाने प्रत्येक झाकण थोडं फिरवतो, म्हणजे काजळी एकाच जागी साचत नाही. वात जाड असेल तर काजळी भरड, बारीक असेल तर मऊ. चित्रातल्या काळ्याचा पोत इथेच, वातीवर ठरतो.

मग काजळीत वितळवलेला सरस आणि सुगंधी द्रव्य मिसळतात. गोळा हातापायांनी तुडवून मळतात आणि लाकडी साच्यात दाबतात. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. ओली कांडी एकदम सुकली तर तडकते. म्हणून ती दमट राखेत पुरतात, रोज जरा कोरड्या राखेत हलवतात आणि शेवटी गवताच्या वेणीत गुंफून टांगतात. त्यानंतरही ती वर्षानुवर्षं मुरते. चित्रकार ती दगडावर पाणी घालून, चंदन उगाळावं तशी उगाळतो. किती उगाळायची आणि पाणी किती घालायचं, त्यावर जवळचं झाड आणि दूरचं झाड वेगळं होतं. झाकण फिरवणाऱ्या त्या कारागिराचं नाव कुठल्याच चित्रावर नसतं, पण मला तो तोहाकूचा सहकारी वाटतो.

आता काळजीचं. बाटलीतली तयार शाई आली आणि शाळांतून उगाळणं मागे पडलं. ती सोयीची आहे, मुलांचा वेळ वाचतो, हे खरंच. पण तिच्यातला काळा आधीच ठरलेला असतो. कांडीचा काळा ज्याचा त्याने घडवायचा असतो. कांडीचा खप घटला की फटका एकाच कारखान्याला बसत नाही. पाइनचं लाकूड जाळून निळसर झाक असलेली काजळी धरणारे आता अगदी थोडे उरले आहेत. हाताने सरस करणारे कमी झाले, आणि तोच सरस रंगचित्रांना आणि जुन्या चित्रांच्या डागडुजीलाही लागतो. साचे कोरणाऱ्यांचीही तीच गत. यातला एक दुवा तुटला तरी उरलेल्यांना एकट्याने चालता येत नाही.

2018 मध्ये सरकारने नाराच्या शाईला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. हा मान योग्यच आहे, पण मानाने कांड्या खपत नाहीत. तोहाकूचे पडदे राष्ट्रीय ठेवा म्हणून काचेआड सुरक्षित आहेत. त्यांची शैली जिवंत ठेवायची असेल, तर कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या हातात पुन्हा कांडी आणि दगड द्यायला हवा. थंडीत शाई मळणाऱ्याला पुढच्या थंडीतही काम मिळेल, ते अशा गिऱ्हाइकामुळेच.