वाय-फायवाला प्रिंटर घेतला, पण वाय-फायला लागत नाही?

जून उजाडला की मोहल्ल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत. रांगेतला प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. आधार कार्ड, पासबुक, मुलीचा फोटो असे सगळे दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि घरी येतो. कागद आपल्याबरोबर घरी येतो, फाईल मात्र त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहते. दुकानदार वाईट असतो असे आम्हाला अजिबात म्हणायचे नाही. पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात किती जणांचे हात फिरतात, हे त्यालाही सांगता येणार नाही.

लॉकडाऊननंतर आपल्याकडच्या बऱ्याच घरांत प्रिंटर आले. मुलांचे प्रोजेक्ट, अभ्यासाचे कागद, रमजानमध्ये सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक यासाठी हौसेने घेतलेले. आता त्यांतले निम्मे टॉवेल पांघरून बसले आहेत. कारण विचारले की उत्तर ठरलेले: ‘सर, वाय-फायवाला घेतला, पण वाय-फायला लागतच नाही.’

आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी मागे जो किस्सा सांगितला, तो ऐकून हा विषय लिहायचे ठरवले. प्रिंटर जोडला जाईना म्हणून त्यांनी इंटरनेटवर ‘प्रिंटर कस्टमर केअर नंबर’ शोधला आणि वर दिसलेल्या पहिल्याच नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. ‘ड्रायव्हर एक्स्पायर झाला आहे, मी इथून दुरुस्त करतो’ म्हणाला, मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावले आणि नोंदणीसाठी फक्त १० रुपये ऑनलाइन भरा म्हणाला. ते अ‍ॅप म्हणजे मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप होते. यूपीआयची पिन टाकायच्या क्षणी थोरल्या मुलाने फोन हिसकावून बंद केला, म्हणून वाचल्या. आणि प्रिंटरला काय झाले होते? काहीच नाही. घरच्या वाय-फायची दोन नावे होती, त्यांतले चुकीचे निवडले गेले होते. दोन मिनिटांचे काम.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ, कारण ती समजली की पुढची निम्मी डोकेदुखी आपोआप जाते. प्रिंटरला इंटरनेट लागत नाही. त्याला राऊटर लागतो. राऊटर म्हणजे घरातला चौक समजा. चौकातून एक रस्ता गावाबाहेर जातो, तो इंटरनेटचा. बाकी गल्ल्या घरातल्या घरात: एक तुमच्या फोनची, एक लॅपटॉपची, एक प्रिंटरची. गावाबाहेरचा रस्ता बंद पडला, म्हणजे रिचार्ज संपला किंवा फायबर तुटली, तरी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता येतेच. फोनमध्ये सेव्ह असलेली फाईल नेट बंद असतानाही छापता येते, फक्त राऊटर चालू हवा. काही कंपन्यांची अ‍ॅप लॉगिन मागतात, तेवढ्यापुरते नेट लागते. यावरून दुसरी गोष्ट निघते: फोन आणि प्रिंटर एकाच चौकात उभे पाहिजेत. फोन मोबाइल डेटावर आणि प्रिंटर वाय-फायवर असेल तर दोघांची गाठ पडणार नाही.

आता त्या दोन नावांचे. हल्लीचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ घरांत त्यांची नावे वेगळी दिसतात आणि दुसऱ्या नावाच्या शेवटी ‘५जी’ असते. इथे लोक फसतात. हे ५जी मोबाइलचे ५जी नव्हे, ते ५ गिगाहर्ट्झ आहे. ते वेगवान असते, पण भिंतीपलीकडे दमते. घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ वाली पट्टी ओळखतात, ५ वाली त्यांना दिसतच नाही. म्हणून प्रिंटर जोडताना ज्या नावाला ‘५जी’ची शेपटी नाही, ते नाव घ्या. फोन नंतर ५ वर ठेवला तरी सहसा चालते, कारण चौक तोच, फक्त फाटक वेगळे. जोडणी होईपर्यंत मात्र फोनही २.४ वर ठेवा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि प्रिंटर अडून बसला असेल, तर राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ वाली पट्टी थोडा वेळ बंद करायची, प्रिंटर जोडायचा आणि ती परत चालू करायची.

जोडायच्या पद्धती मोजक्याच आहेत. प्रिंटरला छोटा पडदा असेल तर सगळ्यात सोपे: वायरलेस सेटअपमध्ये जा, नाव निवडा, पासवर्ड टाका. लहान-मोठी इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी हवीत. आमच्या पाहण्यात निम्मे पासवर्ड इथेच चुकतात. शून्याच्या जागी ‘ओ’ टाकला जातो.

पडदा नसेल, नुसती बटणे आणि लुकलुकणारे दिवे असतील, तर राऊटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेले बटण आहे का पाहा. ते दाबायचे आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे वायरलेस बटण त्याच्या माहितीपत्रकात सांगितले तितके सेकंद दाबून धरायचे. दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला की जोडले गेले. पासवर्ड टाकावाच लागत नाही. डब्ल्यूपीएसची एक पिन असलेली पद्धतही असते, ती मात्र वापरू नका आणि राऊटरमध्ये चालू असेल तर बंद करा. ती ८ आकडी पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती शोधून काढता येते, हे डिसेंबर २०११ मध्येच उघड झाले आहे. काही नव्या राऊटरवर हे बटणच नसते. तिथे तिसरा मार्ग.

तिसरा मार्ग कंपनीच्या अ‍ॅपचा, आणि लोक सर्वांत जास्त अडकतात ते इथेच. नवा प्रिंटर चालू केला की तो स्वतःचे एक तात्पुरते वाय-फाय तयार करतो. त्याच्या नावात सहसा ‘डायरेक्ट’ किंवा कंपनीचे नाव असते. फोन आधी त्या वाय-फायला जोडला जातो, अ‍ॅप प्रिंटरच्या कानात तुमच्या घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सांगते आणि मग दोघेही घरच्या राऊटरवर येतात. गंमत अशी की प्रिंटरच्या त्या तात्पुरत्या वाय-फायला इंटरनेट नसते. तुमचा हुशार फोन ते ओळखतो, ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही’ म्हणतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. अ‍ॅप बिचारे प्रिंटर शोधत बसते. म्हणून सेटअपच्या आधी मोबाइल डेटा बंद करा आणि फोनने विचारले तर ‘तरीही जोडलेले राहू दे’ असे सांगा. अँड्रॉइडवर अ‍ॅपने लोकेशनची परवानगी मागितली तर घाबरू नका. आजूबाजूचे वाय-फाय शोधायला अँड्रॉइड ती परवानगी मागायला लावते. काम झाल्यावर काढून टाकली तरी चालते.

एवढे सगळे वाचून काही वाचक म्हणतील, आमच्याकडे राऊटरच नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालते. खरे आहे, आपल्यातल्या कितीतरी घरांची हीच गत आहे. त्यांच्यासाठी वर सांगितलेले ‘वाय-फाय डायरेक्ट’ हाच कायमचा मार्ग. प्रिंटर स्वतःच चौक होतो. फोनच्या वाय-फाय यादीत त्याचे नाव निवडा, प्रिंटरवर किंवा त्याच्या छापील पानावर दिलेला पासवर्ड टाका आणि छापा. राऊटर नको, रिचार्ज नको. हॉटस्पॉटवरच प्रिंटर जोडायचा असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा आणि त्याचे नाव-पासवर्ड नंतर बदलू नका. फक्त एक अडचण राहते. ज्याच्या फोनचा हॉटस्पॉट, तो माणूस कामावर गेला की प्रिंटरही मुका होतो. डायरेक्टमध्ये तसे होत नाही.

जोडल्यावर फोनमधून छापायला हल्ली वेगळे काही घ्यावे लागत नाही. आयफोनमध्ये एअरप्रिंट २०१० पासून आहे. अँड्रॉइड ८ पासून छपाईची सोय फोनमध्येच येते; सेटिंगच्या शोधपट्टीत ‘प्रिंटिंग’ टाकले की सापडेल, ती चालू ठेवा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून गूगल क्लाऊड प्रिंट वापरायला सांगतात. ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली, त्यात वेळ घालवू नका. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून पाहा, बऱ्याचदा प्रिंटर न दिसण्याचे कारण तेच असते.

ईदला पाहुणे आले की पहिला प्रश्न ‘पासवर्ड काय?’ असतो. अनेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करता येते, ते जरूर करा. त्यावरच्या फोनला सहसा फक्त इंटरनेट मिळते, घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. म्हणजे खालाजानच्या नातवाने चुकून चाळीस पाने छापली असे होत नाही. पण यातच एक खोच आहे: तुम्ही स्वतः प्रिंटर गेस्टवर जोडलात, तर तो तुम्हालाही दिसणार नाही.

आता सगळ्यांचा नावडता शब्द: ‘ऑफलाइन’. काल चालत होता, आज ऑफलाइन. बहुतेक वेळा रात्री लाइट गेलेली असते. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा. लाइट जाऊन आली की तो पत्ते नव्याने वाटू शकतो, आणि लॅपटॉप मात्र प्रिंटरला जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. आधी क्रमाने सुरू करा: राऊटर चालू करून दोन-तीन मिनिटे थांबा, मग प्रिंटर, मग लॅपटॉप. तेवढ्याने भागले नाही तर प्रिंटरमधून नेटवर्कच्या स्थितीचे पान छापा. बहुतेक मॉडेलमध्ये त्याची सोय असते. त्यावर आजचा पत्ता असतो. विंडोजमध्ये जुना प्रिंटर काढून टाका आणि नव्या पत्त्याने परत जोडा. कायमचा इलाज हवा असेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवा. एकदा केले की पुन्हा पाहायला नको. आमच्या मते घरात लॅपटॉप असेल तर हे करावेच, कारण फॉर्मची शेवटची तारीख आणि लाइट जाण्याचा दिवस हमखास एकच निघतो.

उर्दू-मराठीवाल्यांसाठी वेगळे सांगायला हवे. फोनवर वर्डमध्ये नस्तालीकमध्ये केलेली उर्दू प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की ती नस्खमध्ये येते किंवा नुसते चौकोन दिसतात, कारण तिथे तो फॉन्टच नसतो. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाईलचीही तीच दशा. यात प्रिंटरचा दोष नाही. ज्या यंत्रावर मजकूर नीट दिसतोय, तिथेच आधी पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफच्या आत बसतो आणि मग ती पीडीएफ कुठूनही छापा, जमील नूरी असो की नोटो नस्तालीक, अक्षर जसेच्या तसे येते.

वाय-फाय आल्यावर छपाईइतकाच उपयोग स्कॅनचा होतो. २०२५ मध्ये वक्फच्या उम्मीद पोर्टलवर नोंदणी सुरू झाली, तेव्हा जुनी कागदपत्रे स्कॅन करायची म्हणजे काय दिव्य असते, ते मस्जिदींच्या विश्वस्तांना विचारा. प्रिंटर स्कॅनवाला असेल तर तेच काम घरबसल्या होते: कागद काचेवर ठेवा, फोनमधल्या अ‍ॅपने स्कॅन घ्या, पीडीएफ तुमच्याच फोनमध्ये. मूळ कागद घराबाहेर न्यावा लागत नाही.

आता फसवणुकीबद्दल. ड्रायव्हर आणि अ‍ॅप कंपनीच्या वेबसाइटवर किंवा फोनच्या अ‍ॅप स्टोअरवर फुकट मिळतात. ड्रायव्हरचे पैसे मागणारा माणूस कंपनीचा नव्हे. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही; तो प्रिंटरच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात असतो. पडदा दाखवणारे अ‍ॅप घ्या म्हटले की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि प्रिंटर दुरुस्तीला टाकताना किंवा जुना म्हणून विकताना त्याचे नेटवर्क सेटिंग पुसून द्या. घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड त्याच्या आत साठवलेले असतात. कोणती बटणे किती सेकंद दाबायची ते माहितीपत्रकात असते, म्हणून ते खोक्याबरोबर रद्दीत देऊ नका. काचेखाली एखादे आधार कार्ड राहिलेले नाही ना, तेही उघडून पाहा. आमचे स्वतःचे एकदा राहिले होते.