सागरी पर्यावरणातील मानवनिर्मित किरणोत्सर्गी द्रव्ये

सागरी पर्यावरणातील मानवनिर्मित किरणोत्सर्गी द्रव्ये : अणुस्फोट, अणुभट्ट्या आणि वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणारे कारखाने यांतून समुद्रात पोहोचणारी किरणोत्सर्गी द्रव्ये. पाणी, तळावरील गाळ व सजीव यांत त्यांची वाटणी कशी होते, याचा मागोवा सातत्याने घ्यावा लागतो. कारण मासळीच्या वाटेने ती मानवी आहारात येऊ शकतात.

समुद्राचे पाणी मुळातच किरणोत्सर्गी असते. त्यातील नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे दर लिटरमागे सु. १२ बेकरेल इतका किरणोत्सर्ग आढळतो. याउलट खुल्या महासागराच्या पृष्ठभागी सीझियम-१३७ चे प्रमाण लिटरमागे काही मिलिबेकरेल किंवा त्याहूनही कमी असते. इतके अल्प द्रव्य ओळखणे, हीच या शाखेतील मुख्य अडचण होय.

उगम : १९४५ ते १९८० या काळात वातावरणात झालेल्या अणुस्फोटचाचण्यांचा अवपात हा सर्वांत मोठा उगम होय. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर तो झपाट्याने घटला. इंग्लंडमधील सेलाफील्ड व फ्रान्समधील ला हाग येथील कारखान्यांतून सोडलेली द्रव्ये प्रवाहांबरोबर आर्क्टिक महासागरापर्यंत पोहोचली. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथील अपघातामुळे पॅसिफिक महासागरात त्यांची भर पडली. किरणोत्सर्गी अपशिष्टे समुद्रात टाकण्यावर १९९३ मध्ये लंडन करारान्वये पूर्ण बंदी घालण्यात आली.

महाराष्ट्राचा किनारा : महाराष्ट्रात तुर्भे व तारापूर ही दोन स्थळे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. तुर्भे येथे अप्सरा (१९५६) व सायरस (१९६०) या अणुभट्ट्या आणि त्यानंतर इंधन-प्रक्रिया कारखाना उभारण्यात आला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. प्रक्रिया करून सौम्य केलेली अल्पपातळीची द्रव अपशिष्टे ठरावीक मर्यादेत समुद्रात सोडली जातात. तारापूरसमोर खुला अरबी समुद्र असल्याने ती लवकर पसरतात. मुंबई बंदराचा उपसागर मात्र उथळ व गाळयुक्त असून तेथील पाणी भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे हेलकावत राहते.

अशा ठिकाणी गाळाचे महत्त्व वाढते. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि त्यांच्याबरोबर तळाशी बसते. स्ट्राँशियम-९० बहुतांशी विद्राव्य राहते, तर ट्रिटियम पाण्याच्याच रेणूत सामील झालेले असल्याने पाण्याबरोबर वाहते. म्हणून केवळ पाण्याचे नमुने तपासून खरे चित्र मिळत नाही. गाळाच्या स्तंभाचे थर क्रमाने तपासल्यास मात्र मागील अनेक वर्षांच्या निक्षेपाचा इतिहास वाचता येतो.

मापन : पाण्याच्या मोठ्या नमुन्यातील सीझियम अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटावर गोळा करून गॅमा वर्णपटमापकाने मोजतात. ट्रिटियमासाठी द्रव चमक-गणित्र, तर प्लुटोनियमासाठी रासायनिक विलगीकरणानंतर आल्फा किंवा द्रव्यमान वर्णपटमापक वापरतात. समस्थानिकांच्या परस्पर प्रमाणावरून उगमही ओळखता येतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सु. ३० वर्षे, तर सीझियम-१३४ चे सु. २ वर्षे आहे. त्यामुळे २०११ नंतर पॅसिफिकमध्ये सीझियम-१३४ आढळले, तेव्हा ते जुन्या चाचण्यांचे नसून फुकुशिमाचेच आहे हे निश्चित झाले.

सजीव व मानव : सागरी माशांच्या शरीरात सीझियमाची संहती पाण्याच्या सु. १०० पट होऊ शकते. गाळात राहणारे शिंपले व खेकडे आणि समुद्रशैवले यांचीही नियमित तपासणी करतात. मर्यादा ठरविताना सरासरी नागरिक विचारात न घेता स्थानिक मासळी सर्वाधिक खाणारा गट, म्हणजे बहुधा किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबे, प्रमाण मानली जातात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार सर्वसामान्य व्यक्तीस अशा उद्योगांमुळे मिळणारी मात्रा वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक असता कामा नये.

एखाद्या एकट्या मोजणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. केंद्र सुरू होण्यापूर्वीची पार्श्वभूमी आणि त्यानंतरची अखंड निरीक्षणे हाती असली, तरच जुना अवपात, नेहमीचे उत्सर्जन व नवी गळती यांतील भेद ओळखता येतो. [⟶ अणुऊर्जा, किरणोत्सर्ग].