कादंबरीची नायिका आणि वाचनाचा आनंद : यमू, अचला, हॅर्टा

मराठी कादंबरीतील नायिकांचा विचार आपल्या वर्गांत बहुधा विषयाच्या अंगाने होतो. यमू म्हणजे विधवेची दैना, अचला म्हणजे सुशिक्षित स्त्रीचे द्वंद्व, हॅर्टा म्हणजे युद्धाने उद्ध्वस्त केलेले जीवन, अशी समीकरणे पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळतात. ती चुकीची नाहीत. मात्र कादंबरी न वाचताही ती लिहिता येतात, ही त्यांची खरी उणीव होय. कादंबरी वाचणाऱ्यालाच जे मिळते आणि सारांश वाचणाऱ्याला मिळत नाही, ते नेमके काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तीन नायिकांच्या आधारे विचार करावयाचा आहे.

या तिन्ही नायिकांच्या वाट्याला दुःख आलेले आहे. तरीही त्यांच्या कथा आपण आवडीने वाचतो, पुन्हा वाचतो. दुःखाच्या कथेतून आनंद कसा होतो, हा काव्यशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्याला ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने उत्तर दिले. समाधीत ‘मी’पणाचे भान संपूर्ण लोपले तर ती निर्विकल्प होय. वाचकाचे तसे होत नाही. तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःची भूमिकाही राखून असतो. एका आयुष्यात दोन आयुष्ये जगल्याचा हा अनुभवच वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे, असा या विचाराचा आशय सांगता येईल.

ही उपपत्ती वाचकाच्या मनःस्थितीचे वर्णन करते. ती मनःस्थिती संहितेतील कोणत्या योजनेमुळे निर्माण होते, हे मात्र प्रत्येक कादंबरीत स्वतंत्रपणे पाहावे लागते. नायिका स्मरणात राहते ती तिच्या गुणांमुळे किंवा तिच्यावरील आपत्तींमुळे नव्हे, तर लेखकाने वाचकाला तिच्यापासून किती अंतरावर उभे केले आहे, यामुळे.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. त्यामुळे कादंबरीत दोन यमू आहेत. एक, घडत असलेले भोगणारी अजाण मुलगी; दुसरी, पुढचे सारे सोसून झाल्यावर मागे वळून पाहणारी स्त्री. दादाशी होणारी भांडणे, आईचा जीव, घरातील वडिलधाऱ्यांचा जाच यांचे तपशील पहिलीचे आहेत. त्यांवर पडलेली सावली दुसरीची आहे. मुंबईत रघुनाथरावांसह काढलेले सुखाचे दिवस वाचताना वाचक सुखावतो आणि धास्तावतोही. वैधव्य आणि सक्तीचे केशवपन येते तेव्हा तो केवळ हळहळत नाही. आपल्या ओळखीच्या माणसावर हे ओढवले, असे त्याला वाटते. विधवांची स्थिती बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीतही आली होती. तेथील यमुना आपल्याला ती स्थिती दाखवते. यमू मात्र आपल्याशी बोलते. शीर्षकातील प्रश्नही अखेर वाचकालाच उद्देशून आहे.

दुसऱ्या नायिकेची निर्माती आपल्या परिसराशी नात्याने जोडलेली आहे. शिक्रापूर ज्या शिरूर तालुक्यात येते, त्याचे नाव मराठी साहित्यात एका टोपणनावाने कायमचे नोंदले गेले आहे. विभावरी शिरूरकर म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, नंतरच्या मालती बेडेकर (१९०५–२००१). घोडनदीशी निगडित असलेल्या आपल्या शिक्षक वडिलांचे चरित्र त्यांनी ‘खरेमास्तर’ (१९५३) मध्ये लिहिले. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाने मोठे वादळ उठले आणि ही लेखिका कोण, याची चर्चा सुरू झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत पतीपासून दुरावलेली अचला विवाहाबाहेरील प्रेमाचा आणि मातृत्वाचा प्रश्न स्वतःच्या जीवनातच उभा करते. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, हे ध्यानात घेतले की तिच्यापुढील वाट किती अरुंद होती ते कळते. परंतु कायदा झाला म्हणून अचला जुनी होत नाही. लेखिका तिला निर्दोष ठरवत नाही, दोषीही ठरवत नाही. शीर्षकातील हिंदोळा अचलेचा आहे, तसा वाचकाच्या मतांचाही आहे. येथील आनंद हा विचारात गुंतण्याचा आहे.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधील हॅर्टा या दोघींहून वेगळी आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवरची ही निर्वासित ज्यू तरुणी आपल्याला मुख्यतः चक्रधरच्या निवेदनातून दिसते. चक्रधर प्रेमभंगाने कडवट झालेला आहे. त्याची नजर निर्मळ नाही. म्हणून वाचकाला त्याच्या शब्दांपलीकडची हॅर्टा स्वतः शोधावी लागते. मुंबई येते, त्याला उतरता येते, तिला नाही. मागाहून तिची पत्रे वाचताना तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. जवळ असताना आपण तिला पुरते ओळखले नाही, ही चक्रधरची बोच वाचकाचीही होते.

यमू जवळ बसून बोलते, अचला आपल्याशी वाद घालते, हॅर्टा निसटून जाते. तिघींपैकी एकीशीही वाचक पूर्णतः एकरूप होत नाही, आणि याच उरलेल्या अंतरातून त्या पुनःपुन्हा आठवतात.

या अंतराला आपल्या वर्गांत आणखी एक अर्थ आहे. शिक्रापूरच्या परिसरातील एखाद्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थिनीच्या घराण्यात केशवपनाची रूढी बहुधा नव्हती. यमूचे पुण्यातील ब्राह्मणी घर तिला परकेच वाटणार. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून ती पुस्तक मिटू शकेल, किंवा आपले वेगळेपण विसरून यमूच्या दुःखालाच सर्व स्त्रियांचे दुःख मानील. सविकल्प वाचन या दोन्हींहून वेगळे आहे. यमूसाठी व्याकूळ होतानाच आपल्या आजीची कहाणी कोणी लिहिली, हा प्रश्न तिला पडावा. स्वतः विभावरी शिरूरकरांनीही ‘बळी’ (१९५०) मध्ये तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील जीवनाकडे दृष्टी वळवली, हे येथे लक्षणीय आहे.

म्हणून नायिका शिकवताना ‘तिच्यातून कोणती समस्या मांडली आहे’ या प्रश्नाआधी ‘ती आपल्याला कोणाच्या तोंडून कळते, काय सांगायचे राहते आणि आपण कोठे उभे आहोत’ हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेत सापडत नाहीत. त्यांसाठी कादंबरीच उघडावी लागते, आणि एकदा ती उघडली की आनंदाची वेगळी तरतूद करण्याचे कारण उरत नाही.