हवाई लेसर-मापन आणि अंकोरचे पुरावशेष

अरण्याने आच्छादिलेल्या प्राचीन वसाहतीचा नकाशा करताना विमानातून घेतलेली छायाचित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांत वृक्षांचे शेंडेच तेवढे दिसतात. हवाई लेसर-मापनाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली आहे. या पद्धतीत विमानातून प्रकाशाचे अल्पकालिक स्पंद जमिनीकडे सोडतात आणि ते परावृत्त होऊन येण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढतात. लेसर पानांच्या आरपार जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. पानांच्या फटींतून जे थोडे किरण भूमीपर्यंत पोहोचतात, त्यांचीच नोंद पुरातत्त्वज्ञास हवी असते. बाकीचे बिंदू गणिताने वगळावे लागतात. ही निवड सैल झाली तर झुडपे उंचवटे म्हणून नकाशात येतात. फार कडक झाली तर खरे बांधही पुसले जातात.

कंबोडियातील अंकोर परिसरात एप्रिल 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून सुमारे 370 चौरस किलोमीटर भूभागाचे असे मापन झाले. त्यात प्नोम कुलेन डोंगरावरील महेंद्रपर्वत या नगरीचे आखीव रस्ते व बांध प्रकट झाले. त्यावर ‘हरवलेले नगर सापडले’ अशी जी हाकाटी वृत्तपत्रांतून झाली, ती अनाठायी होती. महेंद्रपर्वताचा उल्लेख 11 व्या शतकातील शिलालेखात आहे, आणि फिलिप स्टर्न यांनी 1936 सालीच त्या डोंगरावर संशोधन केले होते. नवे होते ते नगररचनेचे व तिच्या विस्ताराचे ज्ञान.

याहून बोधप्रद उदाहरण अंकोरवाटचे होय. मंदिराच्या प्राकारात उंचवटे व तळी यांची चौकटीदार मांडणी या मापनाने स्पष्ट झाली. मंदिर 12 व्या शतकातील. तेव्हा ही वस्तीही त्याच काळी उभी राहून अखंड नांदली असावी, असा तर्क सहज सुचतो. परंतु लेसर आकार सांगतो, काळ नव्हे. 2015 साली एका उंचवट्याचे उत्खनन होऊन कार्बन-14 पद्धतीने कालमापन झाले, तेव्हा तेथील मानवी वावर 11 व्या शतकापासूनचा असून मध्यंतरी खंडित झाला व पुढे पुन्हा सुरू झाला, असे दिसून आले. हा खंड कोणत्याही नकाशात उमटला नसता.

मंदिराच्या खंदकाबाहेर दक्षिणेस, सुमारे दीड किलोमीटर लांबीची, काटकोनात वळत जाणाऱ्या मातीच्या बांधांची वेटोळ्यासारखी एक रचनाही आढळली. ते उद्यान असावे असा एक तर्क आहे; तिचे प्रयोजन अद्याप निश्चित झालेले नाही.