स्वमग्न माणूस जबाबदारी टाळतो का?

स्वमग्नता (ऑटिझम) म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूलच येतं. पण ही मुलं मोठी होतात, नोकरी करतात, घर चालवतात. मग त्यांच्या जगण्यावर शेरे मारायला सगळेच पुढे सरसावतात. ‘लाडावून ठेवलंय’, ‘कामापुरता ऑटिझम’ हे त्यातले नेहमीचे. असेच काही समज तपासून पाहू.

गैरसमज : लग्नकार्यं टाळणारा माणूस माणूसघाणा असतो.
वस्तुस्थिती : आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा जास्त (किंवा कमी) त्रास होणं हे स्वमग्नतेचं लक्षण आहे, ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत २०१३ पासून ते निकषांत धरलं जातं. मंगल कार्यालयात बँड, माइक, अत्तर, पंगतीचा गलका सगळं एकदम अंगावर येतं. अक्षता टाकून, नवरा-नवरीला भेटून अर्ध्या तासात निघालेला भाचा झेपेल तेवढं नातं निभावूनच गेलेला असतो.

गैरसमज : एवढी हुशार, तरी विजेचं बिल थकतं? हा निव्वळ आळस.
वस्तुस्थिती : बुद्धी वेगळी आणि कामाला हात घालणं, त्याचा क्रम लावणं, एक सोडून दुसऱ्याकडे वळणं वेगळं. अनेक स्वमग्न व्यक्तींना नेमकं हेच जड जातं. ताळेबंदातली चूक चटकन पकडणारी मुलगी बिलाची तारीख विसरू शकते. तिने बिल खात्यातून परस्पर जाण्याची सोय केली, फ्रिजवर कामांची यादी लावली, तर तिने जबाबदारी चोख पार पाडली असंच म्हणावं लागेल.

गैरसमज : जबाबदार माणसाला मदत लागत नाही.
वस्तुस्थिती : डबा, धुणी-भांडी, आयकराचं विवरणपत्र यांसाठी आपण सगळेच माणसं लावतो. मदत घेतली म्हणून स्वतःचे निर्णय घेण्याचा हक्क जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानली जाते. कलम १४ मधलं ‘मर्यादित पालकत्व’ ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालायचं असतं. कुठे आणि कसं राहायचं याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, असं कलम ५ सांगतं.

गैरसमज : लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल.
वस्तुस्थिती : स्वमग्नता जन्मभराची असते, लग्नाने जात नाही. ती लपवून लग्न लावणं हा दोघांवरही अन्याय. अनेक स्वमग्न व्यक्ती आपल्या मर्जीने संसार करतात, काही एकट्या राहतात. अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांनी विचारपूर्वक अविवाहित राहून गुरांच्या हाताळणीच्या पद्धतीत मोठे बदल घडवले.

गैरसमज : त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही.
वस्तुस्थिती : ब्रिटनमधले स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानगोष्टींसारखी एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत नेली. फक्त स्वमग्न माणसांच्या साखळीतही गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली.

गैरसमज : मग स्वमग्नतेच्या नावाखाली सगळं माफ?
वस्तुस्थिती : नाही. तोडून बोलल्याने सहकारी दुखावला, तर ते निस्तरण्याची जबाबदारी बोलणाऱ्याचीच. स्वमग्नतेमुळे ते का घडलं ते कळतं, भरपाई मात्र चुकत नाही. पण अपेक्षाही स्पष्ट शब्दांत सांगितलेली हवी. न सांगितलेला नियम मोडला म्हणून बेजबाबदार ठरवणं न्यायाचं नाही.

तेव्हा शेरा मारण्याआधी दोनच प्रश्न विचारा : काम झालं का? कुणाचं नुकसान झालं का? काम झालं असेल आणि नुकसान नसेल, तर ते आपल्या पद्धतीने झालं नाही ही तक्रार सोडून द्या.