ऑर्डरचे मूळ मागावर

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. इथे ‘ऑर्डर’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ढाब्यावर जेवणाची ऑर्डर देतात, कोर्टाची ऑर्डर निघते, मास्तरांच्या बदलीची ऑर्डर येते. 1880 साली भारतीय टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि परगावी कमावणाऱ्यांचे पैसे तिच्यामार्फत घरी पोहोचू लागले. या सगळ्यांत एक तर हुकूम आहे, नाही तर मागणी.

इंग्रजीत मात्र हा शब्द आधी रांगेचा, क्रमाचा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘ओर्दो’. ओर्दो म्हणजे ओळ, आणि अभ्यासकांच्या मते मुळात मागावरच्या धाग्यांची ओळ. ‘ओर्दिरी’ या क्रियापदाचा अर्थ विणायला घेणे, आणि त्यावरूनच कुठलेही काम आरंभणे. कापसाच्या या मुलखात हे मनाला लगेच पटते. कापड विणण्याआधी ताणा घालावा लागतो: शेकडो उभे धागे, प्रत्येक आपल्या जागी, फणीतून ओवलेला. दोन धाग्यांची अदलाबदल झाली तर तो दोष कापडाच्या अख्ख्या लांबीभर दिसत राहतो. बाणा त्यानंतर. म्हणजे आधी क्रम लागतो, मग काम सुरू होते. लॅटिन माणसाने दोन्हींसाठी एकाच धातूचे शब्द वापरले यात नवल नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे आणि माग पाहायला मिळतात. मुलांना तिथे न्यावे आणि हा शब्द मागासमोर उभे राहून समजावावा, असे मला मनापासून वाटते.

इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द आला तो धर्मसंघांसाठी, एका नियमाने राहणाऱ्या साधूंच्या मंडळींसाठी. सोळाव्या शतकात तो आज्ञा झाला, कारण व्यवस्था टिकवायची तर कुणीतरी सांगणारा हवा. दुकानदाराकडची मागणी एकोणिसाव्या शतकातली. आपण उचलले ते हे शेवटचे दोन अर्थ. क्रमासाठी आपल्याकडे ओळ, रांग, पाळी होतेच. उसने घ्यायची गरज पडली नाही.

याच कुळातला ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे अध्यादेश. त्याचे आखूड झालेले रूप ‘ऑर्डनन्स’. मूळ अर्थ मांडणी, तयारी. पुढे युद्धाची तयारी, आणि शेवटी तोफा व दारूगोळा. वर्धा जिल्ह्यातल्याच पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे, ते याच ऑर्डनन्स विभागाचे. त्याच पुलगावात एके काळी कापडगिरणीही चालत होती.